मादलेन व्हिओने

मादलेन व्हिओने (२२ जून १८७६ – २ मार्च १९७५) या फ्रेंच वेशभूषाकार आणि पॅरिसमधील 'व्हिओने' या उंची स्त्री-पोशाखांच्या पेढीच्या संस्थापक होत. कापड उरेब, म्हणजे धाग्यांच्या दिशेला तिरके धरून, संपूर्ण पोशाख बेतण्याची पद्धत त्यांनी पूर्णत्वास नेली. पोशाखाचा नमुना ही त्याच्या कर्त्याची मालमत्ता मानली जावी, यासाठी त्यांनी न्यायालयीन लढाही दिला. कायद्याने बंधन येण्यापूर्वीच त्यांच्या पेढीत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना भरपगारी रजा व वैद्यकीय सेवा मिळत असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पॅरिसच्या वस्त्रव्यवसायात त्यांचे स्थान शनेल आणि प्वारे यांच्या बरोबरीचे मानले जाते. सर्वसामान्य वाचकांना मात्र त्यांचे नाव त्या मानाने कमी परिचित आहे.

पूर्वायुष्य

मादलेन यांचा जन्म फ्रान्समधील ल्वारे विभागातील शिलर-ओ-बुआ या गावी झाला. त्या लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि त्यांचे बालपण पॅरिसला लागून असलेल्या ओबेरव्हिलिए या कामगारवस्तीत वडिलांजवळ गेले. वडील जकात वसुलीच्या नोकरीत होते. शाळेत मादलेन हुशार होत्या, विशेषतः गणितात त्यांना गती होती. परंतु वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि त्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे उमेदवारी करू लागल्या. त्या काळच्या गरीब घरातील मुलींच्या बाबतीत यात वेगळे असे काही नव्हते. सुई-दोरा हाती घेणे हा त्यांच्यासाठी छंद नव्हे, तर उपजीविकेचा सर्वांत जवळचा मार्ग होता.

अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह झाला. एक मुलगी झाली, ती तान्हेपणीच दगावली. विवाहही फार काळ टिकला नाही. त्यानंतर विशीच्या आतबाहेर असलेल्या मादलेन एकट्याच इंग्लंडला गेल्या. तेथे काही काळ त्यांनी एका रुग्णालयात कपडे शिवण्या-दुरुस्तीचे काम केले आणि पुढे लंडनच्या डोव्हर स्ट्रीटवरील केट रायली यांच्या पेढीत नोकरी धरली. ही पेढी पॅरिसचे पोशाख आणून, त्यांवरून इंग्लिश ग्राहकांसाठी पोशाख तयार करीत असे. पुढे आयुष्यभर ज्या नकलेविरुद्ध त्या झगडल्या, त्या व्यवहाराची आतून ओळख त्यांना अशी तरुणपणीच झाली. तयार पोशाख उसवून पाहिला की त्याची रचना कशी उलगडते, आणि कोणत्या पोशाखाची रचना तशी सहज उलगडत नाही, हे समजण्यास याहून चांगली शाळा नव्हती.

कालो भगिनी आणि दूसे

१९०० च्या सुमारास त्या पॅरिसला परतल्या आणि 'कालो भगिनी' या नामांकित पेढीत रुजू झाल्या. चार बहिणींनी चालविलेल्या या पेढीत थोरल्या मारी कालो जर्बेर या कलादृष्ट्या प्रमुख होत्या. त्या ग्राहकाच्या, किंवा पोशाख घालून दाखविणाऱ्या मुलीच्या अंगावरच कापड सोडून रचना ठरवीत, आणि ते रूप शिवणीत उतरविण्याची जबाबदारी मादलेन यांच्यावर असे. त्या काळी पॅरिसमध्ये जपानी किमोनोचे मोठे आकर्षण होते. किमोनो सरळ पट्ट्यांचा, खांद्यावरून सुटणारा पोशाख. त्याची बाही आणि अंग यांचा जोड युरोपीय कपड्याहून वेगळा असतो. त्या जोडाचा अभ्यास मादलेन यांनी येथे केला. आपल्याला उत्तम कारागिरी कालो भगिनींकडे शिकायला मिळाली, हे त्यांनी पुढे नेहमी मान्य केले.

१९०७ च्या सुमारास झाक दूसे यांनी आपल्या जुन्या प्रतिष्ठित पेढीत नवे वारे आणण्यासाठी त्यांना बोलावले. मादलेन यांनी आणलेले वारे पेढीला सोसवण्यापलीकडचे होते. त्यांनी पोशाख घालून दाखविणाऱ्या मुलींच्या अंगावरील आवळ कॉर्सेट काढून टाकली आणि त्यांना अनवाणी, सैल, अंगासरशी पडणाऱ्या वस्त्रांत ग्राहकांसमोर आणले. पेढीतील विक्रेत्या स्त्रियांना हे रुचले नाही, आणि आपल्या जुन्या ग्राहकांना हे पोशाख दाखविण्याचे त्या टाळू लागल्या. कॉर्सेट हद्दपार करण्याचे श्रेय बहुधा पोल प्वारे यांना दिले जाते व त्यांनी ते स्वतःकडे घेतलेही. मादलेन यांचाही त्यावर दावा होता. वस्तुतः वैद्यक, क्रीडा, इसाडोरा डंकनसारख्या नर्तिका आणि पोशाख-सुधारणेच्या चळवळी यांचा रेटा त्यामागे असल्याने हे श्रेय कोणा एकाला देणे कठीण आहे. तरी एक फरक नोंदवण्याजोगा आहे. प्वारे यांनी कंबर मोकळी केली, पण पुढे पाऊल टाकणेही अवघड जावे असा अरुंद घागरा आणला. मादलेन यांच्या पोशाखात शरीर हलले की कापड हलते.

पेढीची स्थापना

१९१२ मध्ये मादलेन यांनी पॅरिसमधील र्यू द रिव्होली येथील २२२ क्रमांकाच्या इमारतीत स्वतःची पेढी काढली. भांडवलाचा मोठा भाग एका श्रीमंत ग्राहक कुटुंबाकडून आला होता. व्यवसाय मार्गी लागतो न लागतो तोच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पेढी बंद ठेवावी लागली. युद्धकाळातील काही दिवस त्यांनी रोममध्ये काढले. प्राचीन ग्रीक व रोमन शिल्पांतील वस्त्रांचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. मात्र त्यांनी त्या वस्त्रांचे बाह्य रूप उचलले नाही. न कापलेला आयताकृती कापडाचा तुकडा खांद्यावर अडकवला की केवळ स्वतःच्या वजनाने तो कसा आकार घेतो, हे त्या पाहत होत्या.

युद्ध संपताच पेढी पुन्हा उघडली आणि थोड्याच वर्षांत जागा अपुरी पडू लागली. गालेरी लाफायेत या प्रसिद्ध पॅरिस भांडाराचे एक संस्थापक तेओफिल बादेर यांच्या भांडवलाच्या आधारावर १९२३ मध्ये पेढी आव्हेन्यू मोंतेन येथील ५० क्रमांकाच्या प्रासादात हलली. दालनांची सजावट जॉर्ज द फर यांची आणि काचकाम रने लालिक यांचे होते. भिंतींवरील चित्रांत पेढीचेच पोशाख ल्यालेल्या स्त्रिया चितारलेल्या होत्या. मागील बाजूस कार्यशाळांची नवी इमारत उभी राहिली. भरभराटीच्या काळात पेढीत सुमारे १,२०० जण काम करीत होते. नाव आणि कल्पना मादलेन यांची, पण भांडवल बव्हंशी दुसऱ्यांचे, ही रचना मात्र अखेरपर्यंत कायम राहिली.

उरेब कट

विणलेल्या कापडात ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. यांपैकी कोणत्याही धाग्याच्या दिशेने कापड ओढले तर ते फारसे ताणले जात नाही. तेच ४५ अंशांच्या कोनात ओढले, तर धाग्यांच्या बारीक चौकटी तिरप्या होतात, कापड लांब होते आणि रुंदीला आक्रसते. हा गुण शिंप्यांना फार पूर्वीपासून माहीत होता. गळ्याला वा मुंढ्याला लावायची उरेब पट्टी शिवणकाम शिकणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकातील कॉलर, अस्तर आणि काही घागरेही तिरके बेतलेले आढळतात. तेव्हा उरेब कटाचा शोध व्हिओने यांनी लावला, हे पुष्कळदा आढळणारे विधान बरोबर नाही. त्यांचे कार्य वेगळे आहे आणि ते अधिक मोठे आहे. जो गुण तोवर कडेच्या पट्टीपुरता वापरला जात होता, त्यावर त्यांनी अख्खा पोशाख उभा केला.

असा पोशाख शरीराच्या वळणांवर आपोआप बसतो. त्याला आतून हाडांचा सांगाडा लागत नाही, चुण्या घालून आकार द्यावा लागत नाही, आणि पुष्कळदा बटण वा आकडाही लागत नाही, कारण कापड ताणले जाऊन डोक्यावरून अंगात सरकते. त्यांच्या पहिल्या महत्त्वाच्या रचनांपैकी एक केवळ चार चौकोनी तुकड्यांची आहे. चौकोन कडेने न जोडता कोपऱ्यावर धरून लोंबते सोडले की त्यांचा कर्ण उभा येतो आणि कापड आपसूक उरेब पडते. सपाट ठेवला तर हा पोशाख भूमितीच्या वहीतील आकृतीसारखा दिसतो. अंगावर चढल्यावर त्यातील चौकोन ओळखूही येत नाहीत.

यातील अडचणीही कमी नव्हत्या. तिरके बेतले की कापड जास्त लागते आणि पन्हा अपुरा पडून मध्येच जोड द्यावा लागतो. म्हणून व्हिओने यांनी बियांकिनी-फेरिए या रेशीम उत्पादकांकडून नेहमीपेक्षा खूप मोठ्या पन्ह्याचे कापड खास विणून घेतले. त्यांची पसंती क्रेपला असे, कारण त्यातील धागे जास्त पिळाचे असल्याने कापड लवचीक राहते व वजनाने छान सुटते. दुसरी अडचण अशी की, तिरके कापड स्वतःच्या भाराने लोंबतच राहते आणि त्याचा घेर खालीवर होतो. त्यामुळे ते टांगून पुरते उतरू द्यावे लागते आणि मगच खालची दुमड घालता येते. शिवणीचा दोराही कापडाइतका सैल राहावा लागतो, नाहीतर पहिल्याच हालचालीत टीप तुटते किंवा शिवण आखडते. भरतकामाचा प्रश्न याहून बिकट होता, कारण दाट भरतकामाने कापड ताठ होते आणि उरेब कटाचा सारा हेतूच नाहीसा होतो. यावर उपाय म्हणून धाग्याच्या सरळ दिशेने टाके घालण्याची पद्धत बसविण्यात आली. हे भरतकाम मिशोने यांच्या कार्यशाळेत व पुढे ती चालविणाऱ्या आल्बेर लसाज यांच्याकडे होई.

व्हिओने कागदावर चित्र काढून रचना करीत नसत. सुमारे ८० सेंटिमीटर उंचीची लाकडी बाहुली फिरत्या बैठकीवर ठेवून तिच्यावर त्या थेट कापडाचे तुकडे टाचीत, कापीत आणि पुन्हा टाचीत. मनासारखे झाल्यावर त्या छोट्या नमुन्यावरून कार्यशाळेतील साहाय्यक स्त्रिया पूर्ण मापाचा नमुना तयार करीत. त्यांच्या हाताखाली घडलेल्या मार्सेल शोमों आणि झाक ग्रिफ यांनी पुढे स्वतःच्या पेढ्या काढल्या.

फ्लॉरेन्सचे चित्रकार थायात (मूळ नाव एर्नेस्तो मिकाहेलेस) यांच्याशी या काळात त्यांचा निकटचा सहयोग होता. हात उंचावून वस्त्र धरलेली, स्तंभावर उभी असलेली स्त्री हे पेढीचे बोधचिन्ह त्यांनीच १९१९ मध्ये रेखाटले.

नकलेविरुद्धचा लढा

पॅरिसच्या उंची पोशाखांची नक्कल हा विसाव्या शतकाच्या आरंभी एक संघटित धंदा होता. परदेशी, विशेषतः अमेरिकन, खरेदीदार पैसे भरून नमुना विकत घेत आणि आपल्या देशी त्याच्या प्रती काढीत. हा व्यवहार राजरोस होता. त्याच्या आडून दुसरा व्यवहार चाले. प्रदर्शनात बसून पोशाख लक्षात ठेवायचे आणि बाहेर येऊन रेखाटायचे, कार्यशाळेतील कोणाला फितवून नमुने मिळवायचे, किंवा एक पोशाख विकत घेऊन तो उसवायचा. पॅरिसमध्येच अशा नकला विकणारी दुकाने होती. चित्राची किंवा पुस्तकाची नक्कल हा गुन्हा असताना पोशाखाची नक्कल मात्र किरकोळ बाब समजली जाई. फ्रान्समध्ये १७९३ चा लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आणि १९०९ चा नमुना-आकृत्यांचा असे दोन कायदे होते, पण शिवलेल्या वस्त्राला ते कितपत लागू होतात, याविषयी एकवाक्यता नव्हती.

व्हिओने यांच्या पेढीने हा प्रश्न धसास लावला. वृत्तपत्रांत जाहिराती देऊन नकला करणाऱ्यांना कारवाईचा इशारा देण्यात आला आणि १९२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात अशा एका खटल्यात पेढीच्या बाजूने निकाल लागला. पोशाखाची रचना ही कलाकृतीप्रमाणे संरक्षणास पात्र ठरू शकते, या भूमिकेला त्यामुळे बळ मिळाले. इतर पेढ्यांना सोबत घेऊन नकलेविरोधी संघटना उभारण्यातही या पेढीचा पुढाकार होता.

न्यायालयात पुरावा लागतो. म्हणून प्रत्येक नव्या पोशाखाची छायाचित्रे पुढून, मागून आणि बाजूने, अनेकदा तीन पाखांच्या आरशासमोर घेतली जात आणि क्रमांक घालून वह्यांत चिकटविली जात. पोशाखाच्या आत शिवलेल्या पट्टीवर व्हिओने यांची सही आणि अंगठ्याचा ठसा असे. सहीची नक्कल होऊ शकते, ठशाची होत नाही, असा यामागचा व्यवहारी विचार होता. फ्रान्समध्ये अंगठा उठविणे ही पोलीस दप्तराची खूण समजली जाई, हे लक्षात घेतले तर उंची वस्त्रावर तो मिरविण्यातील धीटपणा जाणवतो.

या लढ्याच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या. अमेरिकेत पोशाखांच्या रचनेला कायद्याचे संरक्षण नव्हते आणि पेढीचा मोठा बाजार तेथेच होता. पेढीने अमेरिकन ग्राहकांसाठी स्वतःच काही तयार पोशाख काढून पाहिले, परंतु पूर ओसरला नाही. शिवाय एखाद्या विशिष्ट पोशाखावर हक्क सांगता येतो, कापड तिरके धरण्यावर नाही. १९३० च्या दशकात अंगासरशी वाहणारे तिरक्या कटाचे सॅटिनचे पोशाख हॉलिवूडच्या पडद्यावरील नायिकांची ओळख बनले. ते शिवणाऱ्यांपैकी कोणी व्हिओने यांची नक्कल केली असे म्हणता येणार नाही. तरी त्यांच्याशिवाय ते शिवले गेले असते, असेही नाही.

कामगारांची स्थिती

पॅरिसमधील शिवणकाम करणाऱ्या मुलींना 'मिदिनेत' म्हणत. दुपारच्या सुटीत रस्त्यावर घोळक्याने दिसणाऱ्या या मुलींविषयी गाणी व कथा पुष्कळ रचल्या गेल्या, पण त्यांचे वेतन तुटपुंजे आणि कामाचे तास बेभरवशाचे होते. हंगामात रात्री उशिरापर्यंत काम, हंगाम सरला की घरी बसणे, असा क्रम असे. मे १९१७ मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी पॅरिसमध्ये मोठा संप केला आणि शनिवारी दुपारनंतरची सुटी व महागाई भत्ता मिळविला. व्हिओने यांची पेढी त्या वेळी बंद होती. पुन्हा उघडल्यावर आणि विशेषतः आव्हेन्यू मोंतेनला गेल्यावर मात्र तिने या बाबतीत इतरांना मागे टाकले.

नव्या इमारतीतील कार्यशाळांत भरपूर उजेड व हवा होती. मुलींना बसायला पाठ टेकता येईल अशा खुर्च्या होत्या. इतरत्र बिनपाठीची स्टुले वापरली जात, आणि दिवसभर वाकून शिवणाऱ्याला हा फरक किती मोठा आहे हे मालकीणबाईंना स्वानुभवाने माहीत होते. पेढीत भोजनगृह, दवाखाना आणि दंतवैद्य यांची सोय होती. बाळंतपणाची रजा, आजारपणातील साहाय्य आणि भरपगारी सुटी मिळत असे. फ्रान्समध्ये सर्व कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुटी देणारा कायदा १९३६ मध्ये, देशव्यापी संपांनंतर झाला. याला परोपकार म्हणणे पुरेसे नाही. उरेब बेतलेले क्रेप शिवायला वर्षानुवर्षे सरावलेला हात लागतो. तो हात टिकवून ठेवण्यात पेढीचेही हित होते. तसे पाहता हे हित पॅरिसच्या प्रत्येक मोठ्या पेढीचे होते, पण ते फार थोड्यांनी ओळखले.

पेढीची अखेर

१९२९ च्या जागतिक मंदीनंतर अमेरिकन खरेदीदार घटले आणि आयातकरामुळे तयार पोशाखांऐवजी केवळ नमुने नेण्याकडे त्यांचा कल वाढला. तरी १९३० च्या दशकात व्हिओने यांचे काम थांबले नाही. याच दशकातील त्यांचे संध्याकाळचे पोशाख अनेक अभ्यासकांना सर्वोत्कृष्ट वाटतात. १९२९ मध्ये त्यांना फ्रान्सचा 'लेजिओं दॉनर' हा सन्मान मिळाला होता.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पेढीने दरवाजे बंद केले. व्हिओने तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. कोको शनेल यांनीही त्याच वर्षी आपली पेढी बंद केली, पण त्यांच्या नावाचे अत्तर युद्धकाळातही विकले जात राहिले. १९५४ मध्ये त्या परतल्या तेव्हा ते नाव जगाच्या ओठांवर होते. व्हिओने यांच्या नावाला असा दुसरा आधार नव्हता. समाजातील वावर आणि प्रसिद्धी यांत त्यांना रस नव्हता. त्यांचे नाव केवळ पोशाखांवर चालत होते आणि पोशाख थांबताच ते मागे पडले. व्यवसायातील जाणकारांना मात्र त्यांचा विसर पडला नाही. क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांना त्यांच्याविषयी नितांत आदर होता.

१९५२ मध्ये त्यांनी आपला संग्रह पोशाख-कलेच्या जतनासाठी स्थापन झालेल्या एका फ्रेंच संस्थेला दान केला. त्यात सुमारे १२० पोशाख, ७५० कापडी नमुने आणि नकलेविरुद्ध पुरावा म्हणून जपलेल्या छायाचित्रांच्या ७५ वह्या होत्या. २ मार्च १९७५ रोजी पॅरिस येथे वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर

न्यूयॉर्कच्या वस्त्र-अभ्यासक बेटी कर्क यांनी उपलब्ध पोशाखांचे बारकाईने मोजमाप करून त्यांचे नमुने पुन्हा रेखाटले. हा ग्रंथ १९९१ मध्ये जपानमध्ये आणि १९९८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यामुळे ज्या रचना पाहूनही उलगडत नव्हत्या, त्या विद्यार्थ्यांना कापून पाहता येऊ लागल्या. इस्सेई मियाके, अझेदीन अलाया आणि जॉन गॅलिआनो यांच्या कामावरील त्यांचा प्रभाव सर्वमान्य आहे. दान केलेला संग्रह पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयात असून, २००९ मध्ये तेथे त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरले होते.

पेढीच्या नावाचा प्रवास वेगळा झाला. १९८८ मध्ये एका फ्रेंच उद्योजक कुटुंबाने ते विकत घेतले, आणि २००६ मध्ये सोफिया कोकोसालाकी यांच्या रचनांनी तयार पोशाखांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. २००९ मध्ये ते इटालियन उद्योजक मात्तेओ मार्झोत्तो यांच्याकडे आणि २०१२ मध्ये कझाकस्तानच्या उद्योजिका गोगा अश्केनाझी यांच्याकडे गेले. या काळात पेढीचे काम मिलानमधून चाले. २०१८ मध्ये कंपनीने व्यवसाय गुंडाळला.